अर्धशिशी : गोळी आणि सजगता

अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. अर्ध्या डोक्यात घण घातल्यासारखी कळ, मळमळ, उजेड व आवाज नकोसा होणे, असा हा प्रकार उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांतले निदान ८ दिवस दुखणे अर्धशिशीचे असेल आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. मी या पंथातलीच, म्हणून हा विषय निवडला.

औषधे दोन तऱ्हेची. प्रोप्रॅनोलॉलसारखी रोज घ्यायची, झटके कमी करणारी. आणि झटका आल्यावर घ्यायची वेदनाशामके. खरी मेख दुसऱ्या प्रकारात आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ दिवस, किंवा ट्रिप्टान गटातली औषधे १० दिवस, असे महिनोन्‌महिने चालले, तर गोळीच डोके दुखवू लागते. वसतिगृहात बामच्या बाटलीशेजारी गोळ्यांची पाकिटे पाहिली की मला हे आकडे आठवतात.

गोळी कमी कशी करावी? इथे सजगता उपयोगी पडते. शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायचे; मन भरकटले की न रागावता परत आणायचे; कळ आली तर ती कुठे आहे, कशी आहे, एवढेच पाहायचे. दुखण्यात अर्धा वाटा 'उद्या पेपर आहे, आता कसे होणार?' या धास्तीचा असतो, असा माझा अनुभव आहे. धास्ती ओसरली की हात आपसूक गोळीकडे जात नाही.

या विद्येचे अर्धशिशीशी जुने नाते आहे. ब्रह्मदेशातले व्यापारी सत्यनारायण गोएंका तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीसाठी विपश्यना शिकवायला गुरूंनी आधी चक्क नकार दिला! याच गोएंकांचे केंद्र पुढे आपल्या इगतपुरीस उभे राहिले. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांसाठी सजगतेचा वर्ग काढला.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेतील ८९ रुग्णांच्या, २०२१ साली छापून आलेल्या चाचणीत सजगता शिकलेल्यांचे अर्धशिशीचे दिवस कमी झाले, पण डोकेदुखीविषयी नुसती माहिती मिळालेल्यांचेही जवळपास तितकेच झाले. फरक पडला तो कामातल्या अडथळ्यात आणि खिन्नतेत. मिलानच्या बेस्ता संस्थेत मात्र जुनाट अर्धशिशीच्या, गोळ्यांचा अतिरेक झालेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सजगता दिली, तेव्हा वर्षाअखेर १०० पैकी सुमारे ७८ जणांची डोकेदुखी निम्म्याने किंवा अधिक घटली. केवळ उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४८ होते. दोन्ही गटांत औषधे होतीच, हे विसरू नये. रोजची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे. आणि एकाएकी, कधी नव्हे इतके डोके दुखले, तर आसनावर न बसता थेट दवाखाना गाठावा.

आणखी एक. सराव बऱ्या दिवशी करायचा, रोज दहा मिनिटे. ऐन झटक्यात पहिला धडा गिरवू गेल्यास काही साधत नाही. तेव्हा खोलीत अंधार करून, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी वेळेवर घेऊन पडून राहावे.