वाळीत टाकणे गुन्हा, पण साक्ष द्यायची कोणी?

राज्यघटनेतल्या स्वातंत्र्याची चर्चा बहुतेक वेळा सरकारभोवती फिरते. पोलिसांनी कारण नसताना उचलू नये, सरकारने तोंड बंद करू नये, वगैरे. गावात मात्र माणसाला काय करता येईल, हे अनेकदा शेजारीच ठरवतात. जातीबाहेर लग्न केले, पंचांचा दंड भरला नाही, गावकीविरुद्ध कोर्टात गेले, की दुकानदार सामान देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मग तक्रार कशाची लिहायची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा धोका फार आधी ओळखला होता. बहिष्काराला गुन्हा ठरवा, ही मागणी त्यांनी गोलमेज परिषदेतच मांडली होती. ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा त्यांच्यासमोर होता.

महाराष्ट्रात असा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. लग्न, अंत्यविधी अडवणे, सामाजिक किंवा व्यापारी संबंध तोडायला लावणे, शाळा, दवाखाना वापरू न देणे हे सगळे त्यात येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित किंवा त्याच्या घरचे पोलिसांकडे जाऊ शकतात, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही.

अडचण पुढे येते. साक्षीदार त्याच गावातले. ‘आम्ही बोलायचे नाही असे कोणी सांगितले नाही, आम्हीच बोलत नाही,’ असे सगळ्यांनी म्हटले तर आदेश सिद्ध कसा करणार? पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडीची सोय आहे. ती बरीही आहे, कारण पंच तुरुंगात जाण्यापेक्षा आपल्याला पुन्हा गावात घेतले जाणे अनेकांना जास्त हवे असते. पण एकट्या पडलेल्या घराची संमती किती मोकळी, हे न्यायालयालाच तपासावे लागते.

दुसरा पेच धर्माचा. मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा प्रकरणात रद्द केला. धर्माच्या कारणावरून सदस्याला बाहेर काढणे हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी त्याला असहमती नोंदवली. या निकालाचा फेरविचार फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.