होल्डनच्या पत्र्याखाली

जुनी होल्डन दाखवणारा मालक आधी गोष्ट सांगतो. आजोबांनी नवी कोरी घेतली, तीन पिढ्या एकाच घरात राहिली, इंजिन मूळचं, रंगही मूळचा. गाडीच्या इतिहासाचा माग काढणारा जाणकार मान डोलवत सगळं ऐकून घेतो आणि खिशातून एक छोटं लोहचुंबक काढतो. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून फिरतं. पत्रा असेल तिथे चिकटतं. जिथे सटकतं तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे, म्हणजे गंजानं किंवा धडकेनं तिथला पत्रा कधीतरी गेलेला आहे. गोष्टीला पहिला तडा इथेच जातो.

ज्या गाडीसाठी हा खटाटोप चालतो ती होल्डन ४८-२१५. ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ही पहिली देशी मोटार. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नमधल्या फिशरमन्स बेंडच्या कारखान्यात पंतप्रधान बेन चिफली यांनी तिचं अनावरण केलं. सहा सिलिंडर, २.१७ लिटर, ६० हॉर्सपॉवर, स्टिअरिंगच्या दांड्यावरच तीन गिअर. किंमत ७३३ पौंड, म्हणजे सर्वसाधारण कामगाराचा जवळपास पावणेदोन वर्षांचा पगार. तरीही १८,००० जणांनी गाडी डोळ्यांनी बघण्याआधीच अनामत भरली होती. १९५३ मध्ये तिची जागा एफजे मॉडेलनं घेतली तोवर १ लाख २० हजारांवर गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

एवढ्या झाल्या म्हणूनच तर अडचण. दुर्मीळ गाडी लोक जपतात. ही गाडी लोकांनी वापरली. कुटुंबं तिच्यातून समुद्रकिनारी गेली, फिरते विक्रेते नमुन्यांच्या पेट्या घेऊन फिरले. जानेवारी १९५१ मध्ये मागे उघडा हौदा असलेली तिची बहीण, म्हणजे ‘यूट’, आली आणि शेतकऱ्यांनी तिच्यात मेंढ्यांपासून कुंपणाच्या तारेपर्यंत सगळं भरलं. पुढे गाडी म्हातारी झाली की शेतातल्या पोरांच्या हाती जायची. लायसन्सचं वय व्हायच्या आधी कुरणात क्लच-गिअर शिकायला तिच्याइतकी सोशिक गाडी नव्हती. जे बिघडलं ते हाताशी असलेल्या सुट्या भागानं भागवलं गेलं.

म्हणून चुंबकानंतर बॉनेट उघडतं. इंजिन आणि प्रवाशांची बैठक यांच्यामधल्या पत्र्याच्या आडभिंतीवर एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर मॉडेल आणि बॉडीचा क्रमांक. सात दशकांचं तेल आणि धूळ बसलेली ही पट्टी रॉकेलच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसायची. आकड्यांइतकंच लक्ष रिव्हेटांकडे द्यावं लागतं. आजूबाजूचा रंग जुना आणि रिव्हेट मात्र चकचकीत असतील, तर ही पट्टी दुसऱ्या गाडीवरून इथे आली असण्याची शंका घ्यायला जागा आहे. या गाडीला स्वतंत्र चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दारांखालचे उंबरठे आणि फरशी कुजली, की हौशी माणूस धडधाकट बॉडी शोधतो आणि आपली पट्टी तिच्यावर चढवतो. मग ही गाडी नक्की कोणती, यावर मालकांच्या मंडळांत तावातावानं वाद होतात. माझं मत विचाराल, तर बॉडी जिथली, गाडी तिथली.

मग इंजिन. पहिल्या होल्डनांचं इंजिन राखाडी रंगाचं. ‘ग्रे मोटर’ याच नावानं ते ओळखलं जातं. १९६० साली एफबी मॉडेलबरोबर त्याची क्षमता वाढली आणि १९६३ मध्ये ईएच मॉडेलमध्ये लाल रंगाचं नवं इंजिन आलं. ४८-२१५ मध्ये लाल इंजिन दिसलं, तर ‘मूळचं’ या दाव्यावर बोलायलाच नको. राखाडी दिसलं तरी समाधान मानायचं नाही, कारण नंतरचं मोठं इंजिनही राखाडीच होतं आणि या आडभिंतीपुढे ते सहज बसतं. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक वाचूनच फरक कळतो. विजेचंही तसंच. ही गाडी सहा व्होल्टची; होल्डनमध्ये बारा व्होल्ट १९५६ च्या एफई मॉडेलपासून आले. वळणाचे दिवेही मूळ गाडीला नव्हते, चालक खिडकीतून हात काढून इशारा करायचा. मडगार्डला पाडलेली भोकं नंतरच्या बदलाची खूण.

काही बदल मात्र काढून टाकण्यासारखे नसतात. मेलबर्नच्या रेप्को कंपनीसाठी फिल आयर्विंग या अभियंत्यानं या इंजिनाकरता ताकद वाढवणारं सिलिंडर हेड आखलं होतं. एखाद्या खटाऱ्यात ते सापडलं, की ही गाडी कधीतरी शर्यतीत धावली असावी हे ओळखून जुने फोटो धुंडाळायला लागायचं. होल्डनला शर्यतीची हौस होतीच. १९५३ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत स्टॅन जोन्स, लेक्स डेव्हिसन आणि टोनी गेझ ४८-२१५ घेऊन उतरले आणि ६४ वे आले.

रंगाची तपासणी सगळ्यात शांतपणे करायची असते. न दिसणाऱ्या जागी, मागच्या सीटखाली किंवा दाराच्या आत, बारीक पॉलिश पेपर पाणी लावून गोल गोल घासला की एकाभोवती एक रंगांची वर्तुळं उमटतात. सगळ्यात आतलं वर्तुळ कारखान्यातलं. त्यावरचा प्रत्येक थर म्हणजे एखादा अपघात, नवा मालक किंवा बदललेली आवड.

आणि कागद. ऑस्ट्रेलियात वाहननोंदणी राज्यांच्या हाती, त्यामुळे गाडी व्हिक्टोरियातून न्यू साउथ वेल्समध्ये गेली की नवा क्रमांक, नवी पाटी, आणि जुन्याशी दुवा जुळवणं माग काढणाऱ्याच्या माथी. सातबाऱ्यावरचे फेरफार लावत बसण्यासारखंच हे काम. विमा, सर्व्हिसच्या पावत्या, गाडीपुढे उभ्या कुटुंबाचे फोटो, सगळं चालतं. फोटोत पुढची जाळी आडव्या जाड पट्ट्यांची आहे की दातांसारखी, हे आधी बघायचं. दातांसारखी जाळी एफजेची, आणि अनेकांनी आपली जुनी गाडी नवी दिसावी म्हणून ती लावून घेतली. १९५० सालची म्हणून पुढे केलेल्या पावतीवर ‘एफएक्स’ लिहिलेलं असेल, तर ती पावती खुशाल बाजूला ठेवावी. या गाडीला ते नाव पुढे चिकटलं.

एकेका गाडीचा माग असा कुठल्या तरी शेतापर्यंत नाहीतर विक्रेत्याच्या दुकानापर्यंत जातो. या मॉडेलचा माग मात्र समुद्रापार जातो. ज्या गाडीची ‘ऑस्ट्रेलियाची स्वतःची मोटार’ अशी जाहिरात झाली, तिचं मूळ जनरल मोटर्सनं डेट्रॉइटमध्ये आखून बाजूला ठेवलेल्या एका लहान मोटारीच्या आराखड्यात आहे. तिचे पहिले तीन नमुने १९४६ मध्ये अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन अभियंत्यांनी मिळून डेट्रॉइटमध्येच हातानं घडवले आणि मग ते मेलबर्नला आणले गेले. त्यांतला पहिला आज कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २००४ मध्ये संग्रहालयानं तो विकत घेतला. पैसा मात्र खरोखर ऑस्ट्रेलियन होता. अमेरिकी कंपनीनं डॉलर पाठवायला नकार दिल्यावर कॉमनवेल्थ बँक आणि बँक ऑफ ॲडलेड यांनी कर्ज दिलं.

लॉरेन्स हार्टनेट यांना डेट्रॉइटचा हा आराखडा पसंत नव्हता. जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचे ते प्रमुख. देशी मोटारीसाठी सगळ्यात जास्त झगडलेले तेच, आणि तिचं रूपही देशातच ठरावं असा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या वरिष्ठांशी बिनसलं आणि गाडी बाजारात येण्याआधीच ते कंपनीबाहेर पडले. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाची छोटी मोटार काढली. तिची रचना घेतली ती फ्रेंच अभियंता ग्रेग्वार याच्याकडून, आणि जेमतेम शंभर-सव्वाशे गाड्यांवर तो उद्योग थांबला.