पगार हवाच, पण नावही हवं!

आयटीतल्या माणसाला खूश कसं ठेवायचं? ‘पगार वाढवा,’ असं चटकन उत्तर येतं. पगार तर हवाच! पण कामावर जीव जडतो तो आणखी कशाकशाने, ते या किस्स्यांत बघा.

ठिपक्याआड नाव: अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावं छापत नसे. वॉरन रॉबिनेटने मग १९८० च्या ‘ॲडव्हेंचर’ गेममध्ये गुपचूप एक खोली लपवली. जमिनीच्याच रंगाचा इवलासा ठिपका हुडकून योग्य जागी नेला की आत शिरता येई आणि पडद्यावर झळके त्याचं नाव! अटारीच्या चार नाराज प्रोग्रॅमरांनी तर नोकरीच सोडली. १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या ॲक्टिव्हिजनने प्रत्येक गेमवर कर्त्याचं नाव छापलं.

झाकणाच्या आत सह्या: फेब्रुवारी १९८२ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश टीमने एका मोठ्या कागदावर सह्या केल्या. त्या थेट साच्यात कोरल्या गेल्या. १९८४ चा पहिला मॅक खोला, प्लास्टिकच्या आतल्या अंगाला त्या उमटलेल्या दिसतील. गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी, पण कायमच्या!

कुलूप तोडणारा मालक: ह्युलेट-पॅकार्डचे बिल ह्युलेट एकदा सुट्टीच्या दिवशी मायक्रोस्कोप घ्यायला स्टोअररूममध्ये गेले, तर तिथे कुलूप. त्यांनी ते तोडलं आणि चिठ्ठी ठेवली: पुन्हा कुलूप लावायचं नाही. माणसांवर विश्वास टाकायचा, तर तो असा!

बॉस कसा हवा? गूगलने आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला आणि चांगल्या बॉसचे आठ गुण काढले. पहिला गुण, शिकवून तयार करणारा. तांत्रिक कौशल्य? चक्क आठवं!

शुक्रवारी सुट्टी: ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट जपानने पगार न कापता सगळे शुक्रवार सुट्टी दिली आणि मीटिंगा अर्ध्या तासात आटोपायला सांगितल्या. माणशी विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. विजेचा वापर २३ टक्क्यांनी घटला.

हिंजवडीतल्या टीम लीडनो, मध्यरात्री जागून कुणी बग शोधला आणि रिलीज सुखरूप लाइव्ह गेलं, तर सकाळी क्लायंटला जाणाऱ्या मेलमध्ये ‘टीमने केलं’ एवढंच लिहू नका. त्या व्यक्तीचं नाव घाला. एका ओळीचं काम आहे. त्याच ओळीसाठी रॉबिनेटला अख्खी खोली बांधावी लागली होती.