माळ्यावरचे उदमांजर

बदलापूर-अंबरनाथकडच्या जुन्या कौलारू घरात रात्री माळ्यावर धपधप पावले वाजली, की कोणी बोका म्हणते, कोणी भूत. पुष्कळदा ते असते उदमांजर. (अमेरिकेत हाच उपद्व्याप रकून नावाचा प्राणी करतो.) विद्यार्थी मित्रांनो, खात्री करायची तर संध्याकाळी त्याच्या वाटेवर पीठ पसरा. बोक्याच्या ठशात चार बोटे उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच.

त्याला पळवण्यासाठी बाजारात श्रवणातीत ध्वनीची यंत्रे मिळतात. पैसे मोजण्याआधी थोडे गणित करा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याला ३०,००० हर्ट्झ वारंवारतेने भागले, की तरंगलांबी येते जेमतेम १.१ सेंटिमीटर. इतका आखूड तरंग मोठ्या अडथळ्याला फारसा वळसा घालत नाही. तुळईमागे, जुन्या ट्रंकेमागे ध्वनीची ‘सावली’ पडते. उदमांजर त्या सावलीत खुशाल झोपते! शिवाय रोजच्या आवाजाला प्राणी सरावतो, ते वेगळेच.

खरा उपाय कौले शाकारणाऱ्याचा. छपरावर टेकलेली फांदी छाटा, सरकलेली कौले बसवा, वाशांमधल्या फटींना जाड जाळी ठोका. येण्याजाण्याची एक फट मात्र ठेवा. हा प्राणी निशाचर; दिवसा ती बुजवली तर तो आतच कोंडला जाईल. आई बाहेर आणि पिले आत राहिली, तर पिले भुकेने मरतील. म्हणून त्या फटीत कागदाचा सैल बोळा बसवा. पिले असतील तर आई रोज तो ढकलणारच. मग ती तिच्यामागे बाहेर पडेपर्यंत थांबा. बोळा सलग तीन रात्री जागचा हलला नाही, की जाळी ठोका.

पिंजरा मात्र लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे. अडलेच, तर वनखात्याला कळवा.