शेवटच्या युनिटचा भाव

पुनावळ्यातल्या मोठ्या सोसायटीत वीज गेली की थोड्याच वेळात जनरेटर धडधडू लागतो आणि लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप चालू होतात. लिटरभर डिझेलमधून साधारण तीन-साडेतीन युनिट निघतात. डिझेल नव्वद रुपयांच्या घरात धरलं, तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटला पंचवीस-तीस रुपये होतो, म्हणजे महावितरणच्या दराच्या कितीतरी पुढे. तरी सोसायटीच्या सभेत त्यावरून कुणी भांडत नाही, भांडणं पार्किंगवरून होतात. बाराव्या मजल्यावरच्या माणसाला त्या घटकेला लिफ्ट हवी असते, आणि त्या घटकेच्या विजेला तो हा भाव मुकाट्यानं देतो. ताथवडे, रावेत, आकुर्डीच्या कॉलेजांत शिकणारी, इथं चौघांत फ्लॅट घेऊन राहणारी मुलं ट्रान्सफॉर्मरची गणितं धडाधड सोडवतात. विजेच्या भावाची ही गणितं मात्र त्यांनी सहसा केलेली नसतात.

मुळातली अडचण साधी आहे. वीज साठवणं महाग, म्हणून जेवढी मागणी तेवढीच निर्मिती, तीही क्षणाक्षणाला, 50 हर्ट्झच्या आसपास. त्यासाठी भार प्रेषण केंद्र वीजनिर्मिती संचांची रांग लावतं. ज्याचा इंधनखर्च कमी तो आधी, महागडा शेवटी. हीच मेरिट ऑर्डर. सूर्य आणि वारा यांना इंधन लागत नाही, ते पुढे. मग खाणीजवळचा कोळसा, मग लांबून आणलेला कोळसा, मग गॅस. संध्याकाळी सातला मागणी चढते तेव्हा रांगेतला जो शेवटचा संच चालवावा लागतो, त्याच्या खर्चावर त्या वेळच्या विजेची किंमत ठरते.

2008 च्या जूनमध्ये इंडियन एनर्जी एक्सचेंज सुरू झालं. तिथं उद्याच्या विजेसाठी बोली लागते, दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या 96 भागांसाठी वेगवेगळी. ज्या भावाला मागणी-पुरवठा जुळतो तोच सगळ्यांना मिळतो, दोन रुपये मागणाऱ्यालाही. विद्यार्थी इथं हमखास अडखळतात: त्याला जास्त का द्यायचं? कारण त्याचे दोन रुपये फक्त इंधनाचे असतात. संच उभारायचं कर्ज, पगार, देखभाल हे सगळं त्याला वरच्या फरकातूनच फेडायचं असतं. पण टंचाईत हा फरक बेसुमार वाढतो. 2022 च्या मार्चमध्ये भाव युनिटला 20 रुपयांच्या मर्यादेला टेकले आणि केंद्रीय वीज नियामक आयोगानं एप्रिलमध्ये ती मर्यादा 12 वर आणली.

अर्थात महावितरण बहुतेक वीज बाजारातून घेत नाही, दीर्घ मुदतीच्या करारांतून घेते. करारात दोन आकार असतात. संच तयार ठेवल्याबद्दल स्थिर आकार आणि प्रत्यक्ष युनिटमागे इंधनाचा आकार. वीज घ्या न घ्या, पहिला चुकत नाही. याचा महाराष्ट्राला बसलेला चटका म्हणजे दाभोळचा वीज प्रकल्प. 1993 साली अमेरिकेतल्या एन्रॉनच्या कंपनीशी राज्य वीज मंडळानं करार केला, 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं तो रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन 1999 मध्ये पहिला टप्पा चालू झाला. नाफ्थ्याचे भाव चढले, रुपया घसरला. महाग म्हणून मंडळानं वीज कमी उचलली, तर तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून दर आणखी फुगला. 2001 मध्ये मंडळानं वीज घेणंच थांबवलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात नेमकं उलट घडत होतं. तिथल्या वीज कंपन्यांना बहुतेक खरेदी रोजच्या बाजारातूनच करायला लावली होती आणि ग्राहकांचे दर मात्र गोठवलेले. बाजार भडकला, व्यापाऱ्यांनी तो आणखी भडकवला (त्यांतही एन्रॉन होतीच), आणि एप्रिल 2001 मध्ये त्या वीज कंपन्यांपैकी पीजी अँड ई दिवाळखोरीत गेली. दाभोळचं खापर खासगीकरणावर फोडून मोकळं होणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत. एकीकडे सगळी जोखीम करारात कायमची बांधली, दुसरीकडे सगळी उघड्यावर सोडली.

आपल्या भागानं मात्र या विषयातला एक अस्सल प्रयोग केला आहे आणि तो फारसा कुणाला आठवत नाही. 2005-06 मध्ये राज्यात भारनियमन चालू होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून तूट होती सुमारे 90 मेगावॅटची. इथल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर पडून होते. सीआयआय या उद्योगांच्या संघटनेनं प्रस्ताव मांडला: टंचाईच्या तासांत कारखाने आपापले जनरेटर चालवतील आणि त्यांच्या वाट्याची ग्रिडची वीज शहराला मिळेल. डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून वेगळ्या आकारानं वसूल करायचा, कमी वापराच्या घरांना वगळून. राज्य वीज नियामक आयोगानं मान्यता दिली आणि 2006 मध्ये पुण्याचं भारनियमन थांबलं. महागडी वीज थोडीशीच होती आणि तिचा बोजा लाखो युनिटांवर पसरला, म्हणून प्रत्येकाच्या बिलात तो किरकोळ दिसला. खेड-मावळातल्या गावांत अंधार तसाच राहिला. शहरानं शेवटच्या युनिटचा भाव पैशात भरला आणि गावांनी तो तासांत. कार्यक्षमतेच्या कसोटीवर योजना उतरते. न्यायाच्या कसोटीवर उतरते का, यावर वर्गात तासभर भांडण व्हायला हरकत नाही.

भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हाही त्याच टंचाईचा वारसा. सगळ्या भागांची मागणी एकाच दिवशी चढू नये म्हणून वार वाटून दिले होते. आज तेच काम वेळेनुसार बदलणारे दर करतात. कारखान्यांना वर्षानुवर्षं रात्रीच्या विजेवर सवलत असे. सौरऊर्जा वाढली तशी 2025 च्या दर आदेशात सवलत रात्रीवरून दुपारकडे सरकली. चाकणमध्ये केवळ स्वस्त विजेसाठी रात्रपाळीत भट्टी चालवणाऱ्याचं गणित त्यामुळे उलटं झालं.

दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई, म्हणजे साठवणुकीला भाव आला. कोयनेच्या जलविद्युत केंद्राला पाणी फुकट मिळतं, पण कृष्णा पाणीतंटा लवादानं ते विजेसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीचीच मुभा दिल्यानं प्रत्येक टीएमसी कोणत्या तासाला खर्चायचा हे ठरवावं लागतं. मावळात शिरवत्याला 1800 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरनं 2023 मध्ये राज्य सरकारशी करार केला. दुपारच्या विजेनं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. चार युनिट घातली तर तीन-सव्वातीन परत मिळतात. दुपारी अडीच रुपयांनी घेतलेली वीज संध्याकाळी सव्वातीनच्या वर गेल्याशिवाय कर्जाचा हप्ता सुटायला सुरुवातच होत नाही. आणि असे प्रकल्प जितके वाढतील तितका दुपार-संध्याकाळच्या भावांतला फरक आटत जाईल. चाळीस वर्षांचं धरण बांधणाऱ्यानं मग कोणता फरक धरून हिशेब करायचा?