परक्यांचे सांत्वन आणि आपले कर्तव्य

घरावर दरोडा पडला म्हणजे शेजारीपाजारी गोळा होतात. कोणी हळहळतो, कोणी उपदेश करतो, कोणी दाराची कडी नीट लावली नव्हती म्हणून घरधन्यासच दोष देतो. साक्षीस उभा राहणारा मात्र विरळा. राष्ट्रांची गोष्ट याहून निराळी नाही. मुंबईवर ता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जो हल्ला झाला, त्यावर परराष्ट्रांतून जे उद्गार निघाले व त्यांचे पुढे जे झाले, त्याचा हिशेब आता शांत चित्ताने मांडता येतो, आणि तो मांडणे जरूरही आहे. कारण असा प्रसंग आला की आपल्यापैकी काही लोक परक्यांच्या सहानुभूतीने हुरळून जातात व काही त्यांच्या एखाद्या वाकड्या शब्दाने खवळून उठतात. या दोन्ही वृत्ती आम्हांस सारख्याच घातक वाटतात.

मूळ हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. कराचीहून समुद्रमार्गाने आलेल्या दहा सशस्त्र इसमांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज व ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले, नरीमन हाऊस इत्यादी ठिकाणी १६६ माणसांचे प्राण घेतले. मृतांत अनेक देशांचे नागरिक होते, त्यामुळे जगभरातून निषेधाचे व दुःखाचे संदेश आले. त्यांबद्दल आभार मानणे हा सभ्यपणा होय. पण संदेश म्हणजे मदत नव्हे, हे विसरणे भोळेपणाचे होईल. आमच्या व्यापारी वाचकांस हे अधिक सांगावयास नको. हुंडीवरची अक्षरे कितीही सुबक असली तरी ती सकारली जाईपर्यंत कोणताही शहाणा सराफ ती जमेस धरीत नाही.

सांत्वनामागून उपदेश आला. जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबंड हिंदुस्थानात आले आणि काश्मीरचा तंटा मिटल्यास अतिरेक्यांच्या हातचे एक निमित्त जाईल, अशा आशयाचे प्रतिपादन त्यांनी केले. आपल्या परराष्ट्र खात्याने त्यास थोडक्यात उत्तर दिले की, न मागितलेला सल्ला आम्हांस नको. ते उत्तर आमच्या मते योग्य होते, आणि ते थोडक्यात होते म्हणून अधिकच योग्य होते. राजकीय तंटे असतील तर ते जरूर मिटावे. परंतु रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या खुनाची कारणमीमांसा त्या तंट्यात शोधू लागणे म्हणजे खुन्याच्या कैफियतीचा मसुदा आपणच लिहून देणे होय.

पाकिस्तानचे वर्तन मात्र सर्वांत बोधप्रद आहे. जिवंत सापडलेला अजमल कसाब हा आपला नागरिक नव्हेच, असा पवित्रा तेथील सरकारने प्रथम घेतला. ता. ५ जानेवारी २००९ रोजी हिंदुस्थानने पुराव्याचे कागद त्यांच्या हवाली केले. दोनच दिवसांनी कसाब पाकिस्तानी असल्याचे तेथे कबूल करण्यात आले, आणि फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचेही त्यांच्या गृहखात्याच्या प्रमुखांना मान्य करावे लागले. हे कशामुळे घडले? केवळ आपल्या संतापामुळे खास नव्हे. तुकाराम ओंबळे या सहायक फौजदाराने गिरगाव चौपाटीवर, हाती लाठीपलीकडे काही नसता, गोळ्या अंगावर झेलून कसाबास धरून ठेवले. म्हणून आरोपी जिवंत राहिला, आणि जिवंत आरोपीपुढे नकार फार दिवस टिकला नाही. शंभर राजदूतांना जे साधले नसते ते एका पोलिसाच्या देहाने साधले.

पुढे कसाबावर रीतसर खटला चालला. त्यास वकील देण्यात आला, तीन न्यायालयांनी पुरावा तपासला, आणि ता. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास त्यास फाशी झाली. याच खटल्यात दोघा भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडून देण्यात आले, याची पुष्कळांस चीड आली होती. आम्हांस विचाराल तर त्या सुटकेनेच शिक्षेचे वजन वाढले. जे न्यायासन सोडू शकते, त्याचेच दोषी ठरविणे जग मानते.

प्रत्यक्ष कृतीच्या सदरात मात्र जमेच्या रकमा थोड्या आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने ता. १० डिसेंबर २००८ रोजी हाफीज सईद याचे नाव निर्बंधांच्या यादीत घातले; तरी तो पुढे कित्येक वर्षे उजळ माथ्याने सभा गाजवीत होता. आंतरराष्ट्रीय अर्थव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या मंडळाने जून २०१८ मध्ये पाकिस्तानास संशयितांच्या यादीत बसविले, तेव्हा कोठे २०२० साली तेथील न्यायालयाने त्यास शिक्षा ठोठावली. आणि तीही दहशतवादास पैसा पुरविल्याबद्दल, मुंबईच्या खुनांबद्दल नव्हे! निषेधाच्या ठरावास जे जमले नाही ते पतपेढीच्या वहीस जमले. अमेरिकेने डेव्हिड हेडली यास ३५ वर्षांची कैद दिली, पण आपल्या स्वाधीन केले नाही. तहव्वूर राणा २०२५ च्या एप्रिलात, म्हणजे सोळा वर्षांनी, आपल्या हाती आला.

यावरून बोध उघड आहे. परक्यांचे शब्द नम्रपणे ऐकावे, पण त्यांवर इमारत रचू नये. प्रत्येक सहानुभूतिदारास एकच प्रश्न शांतपणे विचारावा : आपण कोणता कागद, कोणता साक्षीदार, कोणता आरोपी आम्हांस देता? पैशाच्या वाटा बंद करण्याचा आग्रह अखंड धरावा. आणि आपले घर आधी सावरावे : किनाऱ्यावरील गस्त, पोलिसांची हत्यारे, तपासाची शिस्त यांची आठवण स्मृतिदिनापुरती नसावी. कोठल्याही शेजाऱ्याच्या पापाचा सूड आपल्याच देशबांधवांवर उगवू नये. हल्लेखोरांच्या प्रेतांस मुंबईच्या मुसलमान विश्वस्तांनी आपल्या कबरस्तानात जागा नाकारली; कटवाल्यांचा हेतू फसला तो अशा कृत्यांनी. ज्या राष्ट्राचा पुरावा पक्का, न्याय निःपक्षपाती व समाज अभंग, त्याला जगापुढे रडगाणे गावे लागत नाही. जगासच त्याचे म्हणणे ऐकावे लागते.