वावडे जातीचे की कुत्र्याचे?

अंधांना वाट दाखविणारे कुत्रे तयार करणारी एक संस्था ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आहे. १९८० च्या दशकात तेथील प्रजननाचे काम वॉली कॉनरन यांच्याकडे होते. हवाई बेटांवरील एका अंध बाईंनी या संस्थेकडे कुत्र्याची मागणी केली. अडचण एवढीच, की त्यांच्या पतीला कुत्र्यांचे वावडे होते. पूडल जातीच्या कुत्र्याचे केस फारसे गळत नाहीत, तेव्हा तो चालेल असे कॉनरन यांना वाटले. तीन वर्षांत तेहतीस पूडल त्यांनी पारखले. वाटाड्याच्या कामाचा एकही निघाला नाही. अखेर त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर घडवून आणला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस व लाळ यांचे नमुने हवाईला धाडण्यात आले, आणि त्या गृहस्थांना त्रास झाला नाही तो त्यांपैकी एकाच पिल्लाच्या नमुन्याने. त्या पिल्लाचे नाव सुलतान.

एकाच वेतातील तीन भावंडे. एक चालले, दोन चालली नाहीत. जगाने मात्र यातून असा अर्थ काढला की, कुत्र्यांच्या काही जातीच वावड्यापासून मुक्त असतात. ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द अशा जातींना चिकटला. त्यातील ‘हायपो’ याचा अर्थ ‘कमी’ एवढाच आहे. ‘मुळीच नाही’ असा नव्हे. पण विकणाऱ्यास हा भेद सांगण्याची घाई नसते. २००९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांच्या थोरल्या मुलीस वावडे असल्यामुळे त्यांच्या घरी पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा कुत्रा आला, आणि ही समजूत घरोघर पोहोचली.

समजुतीच्या मुळाशी एक साधी चूक आहे. दोष केसांचा, असे मानले जाते. वास्तविक केस हे केवळ वाहन होय. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम योजिला. परक्या पदार्थाशी एकदा संबंध आल्यावर शरीराची प्रतिक्रिया बदलते, हे त्यांना त्यातून सुचवावयाचे होते. कुत्र्याच्या बाबतीत असे परके पदार्थ म्हणजे काही प्रथिने. त्यांतील प्रमुख प्रथिनास, कुत्र्याच्या ‘कॅनिस फॅमिलिॲरिस’ या शास्त्रीय नावावरून, ‘कॅन एफ १’ म्हणतात. ते लाळेत व त्वचेच्या कोंड्यात असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, कोंडा झडतो, आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. ज्याच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत, त्याच्या श्वासनलिकेत असा कण शिरला की हिस्टामीन हे द्रव्य स्रवते. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. पूडलचे केस गळत नसले तरी त्याला जीभ आहे आणि त्वचाही आहे.

हे तर्काने पटते. मोजमापानेही ते सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट भागात, प्रत्येकी एक कुत्रा असलेल्या १७३ घरांतील धूळ तपासण्यात आली. या घरांत साठ जातींचे कुत्रे होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत, ‘मुक्त’ म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत प्रथिन कमी आढळले नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील संशोधकांनी कुत्र्यांचे केसच तपासले. त्यांत पूडलसारख्या जातींच्या केसांवर कॅन एफ १ चे प्रमाण इतरांपेक्षा अधिक निघाले! लॅब्रॅडूडल पाळणाऱ्या घरांत जमिनीवरील धुळीत ते काहीसे कमी होते. हवेत मात्र जातीजातींत फरक दिसला नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत मात्र मोठी तफावत होती.

मग सदनिकेत राहणाऱ्या, लहानसा कुत्रा हवा असलेल्या आणि घरात एखादे शिंकणारे मूल असलेल्या कुटुंबाने काय करावे? माल्टीज, बिशाँ फ्रीझे, शिह त्झू, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल ही नावे त्यांच्यापुढे ठेवली जातात. लहान कुत्र्याचा एक लाभ खरा आहे: त्याला न्हाऊ घालणे सोपे. कुत्र्यास धुतल्यावर अंगावरील प्रथिन उतरते, पण काही दिवसांतच पुन्हा साठते; म्हणून आठवड्यातून दोनदा तरी स्नान हवे, असे १९९९ मधील एका अभ्यासात आढळले. मोठ्या कुत्र्याबाबत हा नेम फार दिवस टिकत नाही. उलट, लहान कुत्रा मांडीवर बसतो आणि संधी मिळताच उशीवरही चढतो, हे विसरू नये. शिह त्झूसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यास आपल्याकडील उन्हाळा सोसत नाही, हाही विचार निवडीपूर्वीच व्हावा.

जात ठरविण्याआधी वैद्याकडून तपासणी करून घेणे इष्ट. काही रुग्णांना केवळ ‘कॅन एफ ५’ या प्रथिनाचे वावडे असते. ते नराच्या पुरःस्थ ग्रंथीत तयार होते. अशा रुग्णास मादी सोसण्याचा संभव असतो. येथे जातीपेक्षा लिंगच महत्त्वाचे ठरते.

यानंतर जो कुत्रा घरी आणावयाचा, नेमक्या त्याच कुत्र्याच्या सहवासात रुग्णाने निरनिराळ्या दिवशी काही तास घालवावे. त्याच जातीचा शेजाऱ्याचा कुत्रा त्यासाठी चालत नाही. पाच मिनिटांच्या भेटीवरूनही काही ठरत नाही, कारण कित्येकदा त्रास उशिरा सुरू होतो. दमा असणाऱ्याने मात्र वैद्याच्या संमतीवाचून हा प्रयोग करूच नये. ही परीक्षा टाळून आणलेले पिल्लू महिन्याभराने परत द्यावे लागले, तर मूल रडते, आणि तोवर घराला सरावलेल्या त्या पिल्लाचे घर जाते.

सुलतान हवाईला गेला. पण संकरित पिल्लांना सांभाळण्यास प्रारंभी कोणी कुटुंब पुढे येईना. तेव्हा कॉनरन यांनी त्यांना ‘लॅब्रॅडूडल’ हे नवे नाव दिले, ते वृत्तपत्रांतून गाजले, आणि मागणी सुरू झाली.